चुलीचे अस्तर आणि त्याची निगा

भोपाळच्या नेहरू नगरात टेकडीवर भारतीय वन प्रबंध संस्थेचे संकुल आहे. संस्था 1982 सालची, इमारती अनंत राजे यांनी रचलेल्या. ती निघाली तो काळ जळणाच्या काळजीचा होता. सरपणाचा तुटवडा हेच जगातल्या गरिबांचे खरे इंधनसंकट आहे, असे एरिक एकहोम यांनी 1975 मध्ये मांडले होते. पुढच्याच वर्षी आपल्याकडे राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. रानावरचा भार हलका करायचा तर घरातली चूल कमी लाकूड खाणारी हवी, हे तोवर सरकारदरबारी पटलेले होते. मग चुलीत काय जळते, किती जळते, धूर कुठे जातो, याचा कसून हिशेब सुरू झाला. पण चुलीला आतून जे अस्तर असते, जे जाळ अंगावर घेते आणि रोज थोडे थोडे झिजते, त्याची डागडुजी कोण करते आणि किती वेळा करते, याचा हिशेब त्या चर्चेत फारसा दिसत नाही. माझ्या मते मध्य भारतातल्या आणि महाराष्ट्रातल्या घरगुती अग्नीचा इतिहास मुख्यतः या कामाचा आहे. आग सोसण्याची ताकद आपल्या स्वयंपाकघरात बाजारातून आणून बसवलेली नव्हती, ती रोज हाताने राखलेली होती. तेच काम लोखंडाच्या भट्टीत आणि रेल्वेच्या इंजिनात गेले तेव्हा त्याला हुद्दा मिळाला, पगार मिळाला. घरात मात्र ते झाडलोटीच्या खात्यात पडले आणि तिथेच राहिले.

आधी विटेकडे पाहू, कारण तुलना तिच्याशीच करायची आहे. फायर ब्रिक किंवा अग्निवीट फायर क्लेची, म्हणजे अग्निमृत्तिकेची असते. तिच्यात ॲल्युमिना साधारण 25 ते 45 टक्के आणि उरलेला भाग बहुतांशी सिलिका. 1500 अंश सेल्सिअसच्या पुढेही ती तग धरते. नेहमीचे माप नऊ इंच, साडेचार इंच आणि तीन इंच. घरातल्या फायरप्लेसला हिचे अस्तर बसवताना मिस्त्री दरजेला सर्वांत जास्त जपतो. दरज दीड ते तीन मिलिमीटर, त्याहून जाड नको. वीट फायर क्लेच्या पातळ रबडीत बुडवायची आणि शेजारच्या विटेवर घासून बसवायची. सिमेंटचा माल इथे चालत नाही, कारण चारशे अंशांच्या पुढे त्यातल्या चुन्यातले पाणी उडते, आणि आग विझल्यावर तोच चुना हवेतला ओलावा पिऊन फुगतो. दोनचार हंगामांत दरजेचा भुगा होतो. अस्तर पुरे झाल्यावर पहिले काही जाळ लहान घालायचे, म्हणजे आतली ओल दमाने निघून जाते. घाईने भडका केला तर अडकलेली वाफ विटेचे टवके उडवते. पुढे दर हिवाळ्याआधी राख झाडून भेगा पाहणे, सुटलेली दरज भरणे, पापुद्रे निघालेली वीट बदलणे आलेच. म्हणजे अग्निवीटसुद्धा एकदा बसवून विसरायची वस्तू नाही. फायरप्लेसचा आकार ज्याने शास्त्रशुद्ध केला त्या काउंट रम्फर्डने 1796 च्या निबंधात बाजूच्या भिंती पाठीमागच्या भिंतीशी 135 अंशांचा कोन करून तिरक्या घ्यायला सांगितल्या, लोखंडाऐवजी दगड किंवा वीट वापरायला सांगितली, आणि त्या भिंती चुन्याने पांढऱ्या ठेवायला सांगितल्या, म्हणजे उष्णता खोलीत परत फेकली जाईल. पांढरी भिंत जाळापाशी पांढरी राहत नाही. रम्फर्डच्या शोधात कुणीतरी पुन्हापुन्हा चुना मारणे गृहीतच धरलेले आहे.

असल्या फायरप्लेस आपल्या भागात आल्या त्या पचमढीसारख्या ठिकाणच्या साहेबी बंगल्यांतून. मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढी गाठत असे, आणि तिथल्या पावसाळी गारठ्यात भिंतीतला जाळ उपयोगी पडे. भोपाळला त्याची गरज नव्हती. जानेवारीतल्या रात्रीही इथले सरासरी किमान तापमान दहा अंशांच्या आसपास असते. तेवढ्या थंडीला घोंगडी पुरते, धुराडे बांधावे लागत नाही. म्हणून इथे घरातल्या अग्नीच्या अस्तराचा शोध घ्यायचा तर दिवाणखान्यात जाऊन भागणार नाही, स्वयंपाकघरातच शिरावे लागते.

ती वाट फार जुनी आहे. नर्मदेकाठी महेश्वरच्या समोर नावडातोली आहे. ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी 1950 च्या दशकात तिथे उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आली. कुडाच्या भिंती, माती आणि शेणाने चोपलेली जमीन, तिच्यावर चुन्याचा हात, आणि स्वयंपाकाच्या जागी एकाहून जास्त तोंडांची चूल. वैलाची चूल पाहिलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. तिथल्या जमिनी एकावर एक चढत गेलेल्या सापडतात, म्हणजे सारवण थरावर थर बसत गेले. मातीच्या घराचे वय मोजायला पुरातत्त्वज्ञाला जे थर उपयोगी पडतात, ते कुणाच्या तरी हाताने पडलेले असतात.

त्या हाताला काय ठाऊक होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. चुलीची माती नुसती माती नसते. वारुळाची किंवा पांढरीची माती चाळून भिजत घालतात, तिच्यात भाताचे तूस, गव्हाचा भुसा, शेण, थोडी राख मिसळून तुडवतात. जाळ लागला की तूस आणि भुसा जळून जातो आणि मातीत बारीक पोकळ्या राहतात. या पोकळ्या दोन कामे करतात: उष्णता भिंतीतून बाहेर निसटू देत नाहीत, आणि भेग पडू लागली तर तिला पुढे धावू देत नाहीत. कारखान्यात हलकी उष्णतारोधक वीट करताना फायर क्लेत लाकडाचा भुसा मिसळतात, तो याच कारणासाठी. वाळू मात्र बेताने घ्यावी लागते. वाळूतला गारगोटीचा कण 573 अंशांना एकाएकी फुगतो आणि निवताना तसाच आकसतो. जास्त झाला तर भिंत खिळखिळी करतो. चूल घालणाऱ्या बाईला हा आकडा माहीत नव्हता. पण रेवाळ मातीची चूल तडकते हे तिला पक्के माहीत होते. चूल पेटती झाल्यावर काही दिवसांत आतला बोटभर थर भाजून तांबूस होतो, म्हणजे त्याची वीटच बनते, आणि मागची माती कच्ची राहते. भाजलेला थर आणि कच्ची माती सारखी फुगत नाहीत, सारखी आकसत नाहीत. दोघांच्या सांध्यावर फट पडते आणि पापुद्रा सुटू लागतो. रोज सकाळी राख काढल्यावर मातीच्या कालवणात बुडवलेले पोतेरे आतून बाहेरून फिरते, तेव्हा नेमकी ही फट बुजते. सुटू पाहणाऱ्या पापुद्र्यावर कच्ची माती बसते, ती त्या दिवशीच्या जाळात भाजते, दुसऱ्या दिवशी पुन्हा वर नवी. भांडे ज्यांवर टेकते ती थाने झिजली की वेगळा गोळा लावून ती उभी करायची, वर्षा दोन वर्षांनी चूलच मोडून नवी घालायची. लाकडाच्या घरगुती जाळात भिंतीला जो ताप लागतो तो साधी भाजलेली मातीही सोसते. 1500 अंशांची क्षमता तिथे वायाच जाईल. तिथला खरा शत्रू रोजचे तापणे आणि निवणे हा आहे, आणि त्याच्यावर रोजची माती हा पुरेसा उपाय होता.

याला एक आक्षेप लगेच येईल. चूल सारवणे हा सोवळ्याओवळ्याचा भाग होता; रात्रीचे खरकटेपण जावे, अग्नी शुद्ध व्हावा, म्हणून पोतेरे फिरे. त्यात दुरुस्तीचा हेतू आज आपण घुसडतो आहोत. आक्षेपात तथ्य आहे. पोतेऱ्यामागची भावना धार्मिक होती, हे नाकारायचे कारण नाही. माळव्यात होळीनंतर शीतला सप्तमी किंवा अष्टमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचे शिळे खातात. महाराष्ट्रात श्रावणातल्या शीतळा सप्तमीला हीच रीत. चूल पूर्ण निवलेली मिळण्याचा दिवस वर्षात असाच येतो, आणि मोठी डागडुजी निवलेल्या चुलीवरच होते. तरी हा सण दुरुस्तीसाठी निघाला असे मी म्हणणार नाही. देवीच्या कोपाची भीती त्याला पुरेशी होती. प्रश्न हेतूचा नसून कामाचा आहे, आणि त्याचा निवाडा करायला जिथे सोवळ्याचा संबंध नाही अशा चुली पाहाव्या. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाचे चुलवाण घ्या. काहिलीखाली चिपाडाचा जाळ हंगामभर चालतो. तिथे शुद्धाशुद्धतेसाठी कोणी पोतेरे फिरवत नाही, तरीही हंगाम सुरू व्हायच्या आधी चुलवाण माती लावून नीट करावेच लागते, आणि मध्येच भेग दिसली तर काहील उतरवून लिंपावी लागते. भडभुंज्याच्या भट्टीचेही तसेच. धर्म बाजूला केला तरी माती उरते, म्हणजे ती धर्मापुरती नव्हती. फरक इतकाच की गुऱ्हाळात हे काम धंद्याच्या खर्चात धरले जाते.

धंद्याच्या खर्चात धरलेल्या अस्तराची सर्वांत स्पष्ट गोष्ट रेल्वेची आहे. मुंबई आणि कलकत्ता 1870 मध्ये जबलपूरला जोडली गेली. इटारसीहून भोपाळला येणारा मार्ग 1884 चा. वाफेच्या इंजिनाच्या जळणकुंडात अग्निविटांची एक कमान असे. ती इंग्लंडमध्ये 1850 च्या दशकात रूढ झाली, कारण तिच्यामुळे महागड्या कोकऐवजी साधा कोळसा धूर न करता जाळता येऊ लागला. ही कमान तडकली की ज्वाळा सरळ नळ्यांच्या तोंडावर आदळत आणि नळ्या गळू लागत. इंजिन निवल्यावर माणसाने कोळसा टाकायच्या भोकातून आत सरकायचे, अंगावर काजळी घेत जुन्या विटा फोडून काढायच्या आणि नवी कमान रचायची. इंग्लंडच्या शेडमध्ये कमानीच्या माणसाचा हुद्दाच वेगळा असे. भुसावळ, नागपूर, इटारसीकडे वाफेवर चालणारी रेल्वे जिथे जिथे होती, तिथे हे काम कुणाला तरी करावेच लागे, आणि ते नोकरीतले काम होते. विटाही दूरच्या राहिल्या नाहीत. जबलपूरकडे चांगली अग्निमृत्तिका निघते; तिथे बर्न आणि कंपनी आणि परफेक्ट पॉटरी यांचे कारखाने उभे राहिले. कटनीच्या बाजूलाही हा धंदा वाढला. जबलपूर तेव्हा नागपूरहून चालणाऱ्या प्रांतात होते. एकाच प्रांतात, एकाच काळात, विटेच्या अस्तराला हुद्दा होता आणि मातीच्या अस्तराला नव्हता. कारखान्यातले अस्तर किती दिवस टिकले याच्या नोंदी ठेवत. घरातल्या अस्तराची नोंद बाईच्या बोटांत होती.

नेहरू नगरपर्यंत ही गोष्ट 1956 मध्ये येते. 1 नोव्हेंबरला नवे मध्य प्रदेश राज्य झाले. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. फायलींबरोबर कारकून, अधिकारी आणि त्यांची कुटुंबे आली. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैनकडची मराठी घरेही नव्या राजधानीकडे वळली. त्यांच्यासाठी तात्या टोपे नगरसारख्या वसाहती उठल्या, आणि पुढे शहर कोटरा सुलतानाबाद, नेहरू नगराकडे पसरत गेले. सरकारी क्वार्टरात जमीन सिमेंटची होती आणि भाड्याच्या घरात पक्की चूल घालायची सोय नव्हती. तिची जागा घेतली बादलीच्या शेगडीने, जिला इथे सिगडी म्हणतात. जळण होते दगडी कोळसा. छिंदवाड्याच्या बाजूला परासियाभोवती पेंच खोऱ्याच्या खाणी आहेत, आणि त्याच जिल्ह्याचा सौंसर, पांढुर्णा हा भाग मराठी बोलणारा होता. पांढुर्णा आता वेगळा जिल्हा झाला आहे.

ही शेगडी बांधणे म्हणजे घरातल्या घरात भट्टीचे अस्तर करणे होते. जुन्या लोखंडी बादलीला खालच्या अंगाला हवेसाठी खिडकी कापायची, मध्ये सळयांची जाळी बसवायची, आणि जाळीच्या वरच्या भागाला आतून दोन बोटे जाड मातीचा थर द्यायचा. पिवळी माती रात्रभर भिजवलेली, तिच्यात भुसा आणि शेण किंवा घोड्याची लीद. थर वर निमुळता होत बाहेर कललेला हवा, म्हणजे भांड्याच्या बुडाला आच लागते. सावलीत वाळवायचे, वाळताना केसासारख्या रेघा उठल्या की ओल्या बोटाने दाबून मिटवायच्या, मग आधी चार गोवऱ्यांचा मंद जाळ, कोळसा त्यानंतर. लाकडापेक्षा कोळशाची आच कडक, आणि त्याची राख वितळून खंगर बनते, जे अस्तराला चिकटून बसते. सळईने ते उचकटताना मातीचा टवका बरोबर येतो. म्हणून चुलीपेक्षा शेगडीचे अस्तर लवकर जाई आणि ते पुन्हापुन्हा करावे लागे. भोपाळातच 1960 मध्ये पंडित नेहरूंनी हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना देशाला अर्पण केला. अशा कारखान्यात भट्टीचे अस्तर उखडून नवे करणे हे नियोजनात, अंदाजपत्रकात बसणारे काम असते. त्याच शहरातल्या क्वार्टरच्या ओट्यावर तेच काम घरातली बाई दुपारच्या वेळात उरकत होती, आणि ते कशातच बसत नव्हते.

चूल सुधारण्याचे प्रयत्न या दरम्यान झाले, आणि त्यांतला एक महत्त्वाचा आपल्याच भूमीत झाला. 1934 मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम चाले. तिथून निघालेला मगन चुला मातीचाच होता, पण त्याला धुराडे होते आणि आतली वाट आखलेली होती. 1953 मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरांवरचे पुस्तक काढले. मग 1983 पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. 2002 मध्ये तो गुंडाळला तोवर सरकारी आकड्यांनुसार तीन कोटींहून जास्त चुली बसवून झाल्या होत्या, आणि त्यांतल्या पुष्कळ काही वर्षांतच मोडल्या किंवा पडून राहिल्या. याची कारणे अभ्यासकांनी दिलेली आहेत: उद्दिष्ट बसवलेल्या चुलींच्या संख्येत मोजले गेले, अनुदानामुळे वस्तूची किंमत वाटली नाही, धुराडी तुंबली. मी त्यात एक जोडेन. सुधारित चुलीचा सगळा गुण तिच्या मापांत असतो. तोंड इतके रुंद, आतले भोक इतके, भांड्यापासून जाळाचे अंतर इतके. अशी चूल जुन्या सवयीने रोज पोतारली तर भोक थराथराने अरुंद होते आणि ओढ मरते; अजिबात पोतारली नाही तर भिंत झिजून तोंड मोठे होते आणि लाकूड वाचत नाही. म्हणजे नव्या चुलीला निगा हवीच होती, पण ती वेगळी निगा होती, आणि ती शिकवणे हे चूल बसवण्याइतकेच मोठे काम होते. जुनी निगा हे काम आहे हेच मान्य नसल्यावर नवी शिकवायचे कुणाला सुचणार? पुण्यात 1996 मध्ये आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या ‘आरती’सारख्या संस्थांनी चूल वापरणाऱ्यांमध्ये राहून काम केले, म्हणून त्यांच्याकडून शिकण्यासारखे जास्त उरले.

यावर दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मातीच्या चुलीचे गोडवे गाणे म्हणजे बाईच्या धुराने भरलेल्या फुप्फुसांचे आणि मोडलेल्या कमरेचे गोडवे गाणे. अग्निवीट, सिमेंटची साच्यातली चूल आणि शेवटी गॅस यांनी तिला या जाचातून सोडवले. त्याचे वाईट कशाला वाटून घ्यायचे? वाईट वाटायचे काहीच नाही. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली त्याआधीच शहरांतल्या शेगड्या अडगळीत गेल्या होत्या, आणि त्या परत याव्यात असे ज्याने एकदा ओला कोळसा फुंकला आहे तो कधी म्हणणार नाही. पण एखादे काम संपले म्हणून ते कधी नव्हतेच असे लिहिता येत नाही. जाच होता हे खरे, आणि त्या जाचात कसब होते हेही खरे. दोन्ही एकाच हातात होते. कसब नाकारले की जाचही नीट दिसत नाही, कारण मग ते नुसते साफसफाईचे सवयीचे हात उरतात. नेहरू नगरापासून फार लांब नाही, तिथे श्यामला हिल्सवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. उघड्या माळावर निरनिराळ्या जमातींची मातीची घरे उभी आहेत. मातीचे घर काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. पावसाळ्यानंतर ते पुन्हा लिंपावे लागते, चूल पुन्हा सावरावी लागते, आणि संग्रहालयाला त्यासाठी माणसे आणि पैसा लागतो. तिथे या कामाला जतन म्हणतात.

आता हिशेब ठेवायची साधने आपल्याकडे आहेत. 1998-99 मध्ये सहा राज्यांत वेळवापराची प्राथमिक पाहणी झाली, त्या सहांत मध्य प्रदेश होता. 2019 मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ती देशभर केली. माणूस दिवसाचे तास कशात घालवतो ते या पाहणीत रकान्यांत मांडतात. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वर्गीकरणाचा यासाठी आधार घेतात, त्यात घराची स्वच्छता आणि देखभाल हा एक वर्ग आहे, आणि घरच्या घरी केलेली बांधकामाची किंवा वस्तूंची दुरुस्ती हा दुसरा. बाप्याने नळ बसवला, भिंतीची भेग भरली तर तो वेळ दुसऱ्या वर्गात जातो. चूल अजून कित्येक गावांत पेटते आणि रोज पोतारली जाते. तिचे अस्तर राखण्यात जाणारी सकाळची मिनिटे झाडलोटीबरोबर पहिल्या वर्गात मोजली तर चुकीची मोजली जातात. त्यांची जागा दुरुस्तीत आहे.